अक्कांच्या वाटणीची भाकरी

३ नोव्हेंबर, सोमवार
बाजार हजारात बसला. सलग चौथा आठवडा! गिरणीत यांचं काम तीन दिवसांवर आल्यापासून पाच जणांचं एवढ्यातच. मेथी बाजार उठताना घेतली, स्वस्त मिळाली. मटकी, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद. दोघी पोरींना रोज एकेक अंडं. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'तुझ्याकडून शिकावं गं.' फुगले जरा.

५, बुधवार
सासूबाई हल्ली एकच भाकरी खातात. वय झालं अक्कांचं. दुपारी तर जेवतच नाहीत. भजनाला जातात, आल्या की म्हणतात, 'भूक नही शे.' त्यामुळे पीठ पुरतं. बरंच आहे म्हणायचं.

७, शुक्रवार

दळण टाकायला देवळामागच्या वाटेने गेले. तिथे अन्नदानाची पंगत असते रोज. पंगतीत अक्का.
बांगड्यांच्या गाडीआड उभी राहिले. भराभर जेवत होत्या. असं जेवताना त्यांना कधी पाहिलेलं नाही. वाढणाऱ्याला हात करून पुन्हा भात मागितला. घरी कधी मागत नाहीत.
दळणाचा डबा तिथेच विसरून आले.
आल्यावर विचारलं, 'जेवता का?'
'भूक नही शे.'


८, शनिवार
यांना सांगितलं. म्हणाले, 'माहितीये मला.'
कधीपासून?
'दिवाळीच्या आधीपासून. सांगू नको म्हणून तिने शपथ घातली.'
एवढे दिवस! आणि मी रोज इथे लिहितेय, छान भागतंय.
'पण मला सांगायचं ना.'
'तू इतकी खुश होतीस.'

९, रविवार
भाकरी थापताना अक्कांनाच विचारलं. आधी नाही-नाही. मग खाली बघत म्हणाल्या, 'तू भाकरी मोजीसन थापस, माय. दुसरी मांगानी माले लाज वाटस.'
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
आठ भाकऱ्या. यांच्या तीन, माझ्या दोन, पोरींची एकेक, अक्कांची एक. ही एक त्यांनी नाही ठरवली. मी ठरवली. कधी, तेही आठवत नाही. त्यांना विचारलं नव्हतं, एवढं नक्की.

११, मंगळवार
जास्त पीठ मळलं. अक्कांना दोन वाढल्या. एक खाल्ली, दुसरी दुरडीत ठेवली. 'पोरीसले व्हई.' दुपारी पिशवी घेऊन निघाल्या. अडवायचं होतं. कोणत्या तोंडाने?

१३, गुरुवार
आज मीही गेले. लपून नाही, त्यांच्याबरोबर. कुठे येतेस, असं विचारलं नाही त्यांनी. पंगतीत शेजारी बसले. गल्लीतलं कोणी बघेल म्हणून पदर पुढे ओढला. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी. वाढणाऱ्या बाईने न विचारता दुसरी पोळी टाकली. मी तिच्याकडे बघतच राहिले.
अक्का म्हणाल्या, 'खाय ना. आठे, या पंगतमा, कोणी मोजत नही.'
टोमणा नव्हता. खरंच मला धीर देत होत्या.
परतताना विचारलं, 'उद्यापासून घरी जेवाल ना, अक्का?'
चालता चालता एवढंच म्हणाल्या, 'देखसू.'