गालीलचं गोडं पाणी

पाली कोळीवाडा, मंगळवार संध्याकाळ

पवित्र भूमीहून परत येऊन तीन दिवस झाले, पण गालीलचं ते पाणी काही डोक्यातून जात नाही. कोळ्याच्या घरातला जन्म माझा, त्यामुळे चर्चमध्ये येशूचा शिष्य पेत्र गालीलच्या समुद्रात जाळं टाकतो ती गोष्ट ऐकताना डोळ्यांपुढे कायम आमचा खारा समुद्रच यायचा. तिथे ओंजळ तोंडाला लावली तर पाणी गोडं! म्हणायचं समुद्र, पण ते तर मोठं तळंच. साठ वर्षं चुकीचाच समुद्र बघत होते की काय मी?

आमच्या सहलीत आम्ही दहाच जण, म्हणून पाण्यापर्यंत जाणं जमलं. गाईडने हात धरून मला काठावर उतरवलं, बाकीचे निवांत थांबले. बहीण मागे पन्नास जणांच्या बसने गेली होती. तिला पाणी खिडकीतूनच दिसलं.

आमचे हे आलेच नाहीत. बोटीवर पाय मोडल्यापासून घरीच असतात. "रोज समुद्रच बघतोय, आणखी कशाला?" म्हणाले होते. आज त्यांना बाटलीतून आणलेलं ते पाणी चाखायला दिलं. गोडं! चव घेऊन आणखी एक घोट घेतला. मग विचारलं, "तू उतरलीस तवर सगळी थांबली? कोन कुरकुरला न्हाय?"

"कोणीच नाही."

त्यांनी भिंतीला टेकवलेल्या काठीकडे बघितलं.

"मंग मी पन आलो असतो."