अठ्ठावीस अंशांची अट

३ फेब्रुवारी
ठरलं! तलाव सूर्यावर तापवायचा. ताईच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितलाय, आणि मागच्या अंगणात भाऊजींनी हौसेने बांधलेला पोहण्याचा तलाव आहे. पाणी एकोणीस अंश. ताईने अंगठा बुडवला आणि मला शिव्या घातल्या. म्हणाली, "अठ्ठावीस झालं तर राहीन इथे. नाहीतर एक तारखेला मुलगा न्यायला येतोय, त्याच्याबरोबर जाईन."
अठ्ठावीसच का? तर सत्तावीस आकडा तिला आवडत नाही! बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, असला विद्यार्थी पाहिला नाही.

५ फेब्रुवारी
तीनशे मीटर काळा पाइप आणला. गच्चीवर वेटोळी घालून पसरायचा, पंपाने तलावाचं पाणी वर चढवायचं, उन्हात तापून ते परत तलावात येईल. सातवीच्या पोरालाही कळेल. पाइपाला कळत नाही. एक टोक बांधलं की दुसरं उसळतं. शेवटी त्याने मला पाडलं. ताई खालून ओरडली, "मेलीस का गं?" म्हटलं, "नाही." "मग चहा टाक."

९ फेब्रुवारी
कंबर धरलीय. काम बंद.

१२ फेब्रुवारी
प्लंबर जोडणी करून गेला. "मॅडम, चटका बसेल, चटका!" मी आडवी पडून तीन तास पंप चालू ठेवला. तलाव — एकोणीस! तेवढ्यात संडासातून ताईची किंकाळी. पठ्ठ्याने गच्चीवरून येणारा पाइप फ्लशच्या टाकीला जोडला होता. कमोडमधून वाफा!
त्याला परत बोलावलं, तर ताई संडासाच्या दारात आडवी. "हात लावायचा नाही. जन्मात पहिल्यांदा एवढं सुख मिळालंय."

१५ फेब्रुवारी
जोडणी सुधारली. ताईने अबोला धरलाय. पाणी तेवीस!!

१८ फेब्रुवारी
संध्याकाळी पंचवीस, सकाळी एकवीस. कमावलेलं सगळं रात्रीत उडून जातं. झाकण हवं. काचसामान गुंडाळायचं ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक आणलं, दिवसभर चिकटपट्टीने जोडत बसले. तलावभर चादर झाली. देखणी!

२१ फेब्रुवारी
तरी सकाळी बावीसच. डोकं चालेना. दुपारी मागे गेले तर ताई काठावर खुर्ची टाकून चादरीचे फुगे फोडतेय — एकेक, चिमटीत धरून! शेजारच्या बाईंनाही जोडीला बसवलेलं. निम्मी चादर सपाट. "मन शांत होतं गं," म्हणे.
माझं डोकं फिरलं. बोलले. नको तेही बोलले. "जा मग मुलाकडे, एकदाची सुटेन!" — हेसुद्धा. शेजारच्या बाई कुंपणावरूनच पळाल्या. ताई आत गेली. तिने चहाही घेतला नाही.

२२ फेब्रुवारी
मला ती जायला नको आहे. हे तिला सांगायचं सोडून मी गच्चीवर पाइप पुसत बसले.

२६ फेब्रुवारी
नवी चादर घातली. सव्वीस होतं, ढग आले, चोवीस.

२८ फेब्रुवारी
ढगच. पंप चालवला की पाणी उलट गार होतं, म्हणून बंद केला. भाच्याचा फोन — उद्या दहापर्यंत पोचतो. ताईने बॅग काढली. भरली नाही, नुसती काढून ठेवली. दोघी बॅगेकडे न बघता जेवलो.

१ मार्च
सकाळी साडेसहाला खिडकीतून पाहिलं. ताई कण्हत, एका हाताने कठडा धरून, किटलीतलं उकळतं पाणी तलावात ओततेय. ओतलं, थर्मामीटर वर काढून बघितला, पुन्हा स्वयंपाकघराकडे लंगडत निघाली. चाळीस हजार लिटरला किटली!
खाली गेले. पारा चोवीसवर. मोठ्याने वाचलं, "अठ्ठावीस."
ताईने माझ्याकडे पाहिलं. किटली खाली ठेवली आणि पायऱ्या उतरून कमरेपर्यंत पाण्यात गेली. दात वाजत होते.
"छान कोमट आहे गं," म्हणाली. "कर त्याला फोन."