कच्छला न्यायचा कॅन

सिल्वासा, गुरुवार, १२ मे १९८८

तीन दिवस वही उघडायची टाळली. लिहिलं की ते खरं होतं, म्हणून. आमचं कच्छचं रण बोंबललं.

आमच्या टोळीतली पोरं पहिल्यांदाच तंबूत झोपणार, म्हणून मीच सोपा बेत आखला होता. जायचा-यायचा प्रवास सोडून रणात शनिवार-रविवार दोनच दिवस. दुपारी बाभळीखाली पडून राहायचं, रणात आत शिरायचं नाही, तंबू गावाच्या कडेलाच. वीस लिटरचा कॅन चिंचेनं घासला, वर लाल रंगात 'पिण्याचे' लिहिलं. (रंग उरलाय, सायकलला लावावा का?)

जीप आमच्यातल्या जगदीशच्या काकाची. जगदीशनं कॅन हलवून बघितला. म्हणाला, "गुजरातेत दारूबंदी, नाक्यावर पकडतात. बाटल्या ह्यातच ओतू. पाण्याचा कॅन कोण हुंगतो?"

"आणि पाणी?"

"वाटेत मिळेल ना, गाइडसाहेब!"

मे महिन्यात, रणात! मी नाही म्हटलं. मग जीप नाही, म्हणाला. सायली गावच्या मिलमधला वसंता सगळ्यांत मोठ्यानं हसला. "आठवी नापास अन् आम्हाले भूगोल शिकवतो!" तेच लागलं. जीपपेक्षा जास्त.

मी उगाच ताठलो का? पण कोणाला ऊन लागलं असतं तर नाव माझंच आलं असतं. आता कॅन कोपऱ्यात रिकामा. आई त्यात तांदूळ भरणार म्हणते. भर म्हटलं.

कडी वाजतेय. बघतो तर वसंता! खांद्याला पाण्यानं भरलेली कापडी छागल, उंबऱ्यावर थेंब पडतायत. विचारतोय, "भाऊ, वापीहून कच्छची गाडी किती वाजता शे?"