असली जहागीरदार

श्री खंडोबा प्रसन्न
मुक्काम झरी

राणीसावरगावचे आमचे दाजी मल्हारीराव यांच्या पायाशी झरीहून मेव्हणा बिरूचा दंडवत. हिकडं मेंढरं खुशाल, घरवाली म्हाळसा रागात, बाकी बरं. भिवराअक्काचा गुडघा कसा हाय? (अक्षर माझे, बोल बिरूचे. — बन्सीधर मास्तर.)

तर दाजी, सरकारनं जहागिऱ्या मोडल्या म्हणून मास्तरांनी नाटक लिव्हलं. त्यातला जहागीरदार तपकीर ओढतो, लंगडतो आन् समद्यांला ‘गधे’ म्हणतो. गावानं वळखलं, हे तर आपले आबासाहेब! (पात्र पूर्णपणे काल्पनिक आहे. — ब.) म्हणून ते काम करायला कोणी धजंना. माझा आवाज मेंढरांमागं कमावलेला, तवा माझ्या गळ्यात पडलं. मास्तर म्हणले, “बिरू, जहागीरदार स्वतःच्या आत शोध.” मी मेंढक्या, माझ्या आत काय घावणार? तरी घरी बाजंवर लोळून म्हाळसाला हुकूम सोडला, “ए गधे, पंखा हाल!” तिनं फुकणी फेकून हाणली. मग रानात जाऊन मेंढरांवर हुकूम सोडले. ती समदी माना खाली घालून ऐकायलीत! तवा कुठं अंगात जहागीर भरली.

एक दिवस तालमीला खुद्द आबासाहेब हजर. मला न्याहाळून म्हणले, “गधड्या, मी उजव्या पायानं लंगडतो. तू डाव्यानं लंगडायलास!” त्या दिवसापून रोज यायला लागले. जहागीर गेल्यावर त्यांच्या गढीकडं कोणी फिरकत न्हवतं. तालमीत लोकं मला मुजरा करीत, तर तो तेच मान हलवून घ्यायचे. आपली जरीची शेरवानी बी मलाच घातली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खेळ झाला. शेवटी रयत घेरती आन् जहागीरदार हात जोडून माफी मागतो, असं लिव्हलेलं. पण दाजी, अंगात शेरवानी, समोर एवढी माणसं, हातच जुळंनात. “मी का म्हणून जोडू?” म्हणलं. मास्तर पडद्याआड रडायले. (खाकरत होतो. — ब.) समोरच्या खुर्चीतून आबासाहेब वरडले, “जोड हात!” मी म्हणलं, “न्हाई जोडत!” मग तेच काठी टेकत वर चढले. “असे जोडायचे, गधड्या,” म्हणत लोकांकडं वळले आन् हात जोडले. जोडले ते जोडलेच. खाली घेईनात. डोळ्याला पाणी. जन्मभर त्यांच्या गढीवर वेठीनं दळण दळलेली भागुबाई म्हातारी उठली आन् म्हणली, “बास सरकार, बसा खाली. पाय दुखंल.”

मग टाळ्या अशा पडल्या, की मांडवाला बांधलेला बोकड मेखंसकट पळाला.

आता वालूर गावच्या लोकांनी खेळ मागितलाय, पण त्यांला असली जहागीरदारच पाहिजे. आबासाहेब लय खुश. मला रयतेत ढकललंय. कलावंताचं असंच असतं. अक्काला दंडवत, लेकरांला मुके.

ता. क. — तालमीत आबासाहेब चाबूक खरंच वढायलेत. काम आतून आलं पाहिजे म्हणत्यात. येतं त्यांच्या आतून, वळ माझ्या पाठीवर. तरी ‘अक्का लय आजारी हाय, बिरूला लावून द्या’ असं उलट टपाली कळवा.

ता. क. दुसरा, मास्तरांचा स्वतःचा — अक्कांचा आजार जरा मोठा लिहावा, म्हणजे बिरूसोबत शिकलेला माणूस धाडणे भाग पडेल. आबासाहेबांनी काल माझी दौत-लेखणी नेली. दुसरा अंक ते स्वतः लिहीत आहेत, आणि त्यात एक मास्तर आहे.