डॉक्टरांची झाडं

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं तेवढंच लिहिते.

१. सुकी सासूबरोबर आरोग्य केंद्रात ओपीडी उघडायच्या आधीच येऊन बसली होती. सातवा महिना, सिकलसेल. लॅबमध्ये रक्त मी घेतलं.
२. हिमोग्लोबिन ५.८. सातच्या खाली गेलं की रक्त चढवावं लागतं. पुन्हा लावून बघितलं – तेच.
३. रिपोर्ट घेऊन डॉक्टर प्रितम यांच्या खोलीत गेले. खोली रिकामी. चिकूवाल्या काशीनाथभाईंच्या वाडीतून गाडी आली होती, त्यांच्या आईचं प्रेशर बघायला गेले, असं शिपायाने सांगितलं.
४. फोन केला, उचलला नाही. सिस्टर लसीकरणाला पाड्यावर गेलेल्या.
५. सुकीला म्हटलं, डॉक्टर येईपर्यंत बाकावरून हलू नको. आकडा सांगितला नाही. तो डॉक्टरांनी सांगायचा असतो. पुढे कुठे पाठवायचं तेही त्यांनीच लिहायचं असतं.
६. मलेरियाच्या स्लाइड संपवून बाहेर आले तर बाक रिकामा! सायवनकडची रिक्षा निघाली, पुढची कधी मिळेल माहीत नाही, म्हणून दोघी गेल्या.
७. डॉक्टर जेवणाच्या वेळेला आले. रिपोर्ट वाचून उभेच राहिले.

११ फेब्रुवारी

सुकीच्या पाड्याच्या आशा सेविका म्हणजे पुष्पाताई. त्यांना सकाळी पाठवलं. घराला कडी. सुकीला दम लागत होता, म्हणून नवरा – धाकल्या – तिला घेऊन तलासरीकडे तिच्या माहेरी गेला. फोन बंद. डॉक्टरांनी तिकडच्या ओळखीच्या लोकांना स्वतः फोन लावले. कुणाला काही ठाऊक नाही.

पुष्पाताई परत आल्या त्या तापूनच. ‘झाडवाले आधी, पाडेवाले मग. तुमच्या कॉलेजात रांग अशी लावायला शिकवतात का हो?’

झाडांबद्दल मी इथे कधी लिहिलं नव्हतं. आता लिहायला हवं.

सप्टेंबरपासून डॉक्टरांसकट कंत्राटी लोकांचा पगार आलेला नाही. ग्रँट वरून आली नाही, एवढंच कळतं. डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी सांगून टाकलं, वापीच्या एका खासगी हॉस्पिटलमधून बोलावणं आहे, घरभाडं थकलं आहे, महिनाअखेर जातो. चिकूच्या वाडीवाल्यांनी बैठक घेतली. सरकार देत नाही तर आपण देऊ, असं ठरलं. प्रत्येकाने आपल्या वाडीतली एक-दोन झाडं डॉक्टरांच्या नावे सोडली. त्या झाडांचा माल विकून येईल ते डॉक्टरांना. ओळखायला बुंध्यावर हिरव्या रंगाचा पट्टा. अशी बावीस झाडं आहेत. तोडणीवाले एकमेकांना चिडवतात – हिरव्या झाडाचा चिकू खाऊ नको, इंजेक्शन बसेल.

डॉक्टर थांबले. सगळ्यांना आनंद झाला. मलाही.

मग हळूहळू डॉक्टरांना न्यायला वाड्यांवरून गाड्या यायला लागल्या.

१२ फेब्रुवारी

सुकी सापडली. पहाटे श्वास घेता येईना, तेव्हा माहेरच्यांनी गाडी करून गुजरातच्या बाजूच्या हॉस्पिटलात नेलं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. पोटातलं बाळ ठीक आहे.

दिवसभर काम केलं. दोन सॅम्पलवर नावं चुकीची टाकली. वेळेत लक्षात आलं. माझ्याकडून असं होत नाही.

१४ फेब्रुवारी

ओपीडी संपल्यावर डॉक्टरांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि विचारलं, त्या दिवशी फोन का उचलला नाही. म्हणाले, फोन गाडीत राहिला होता. बकुळाबेनचं – म्हणजे काशीनाथभाईंच्या आईचं – प्रेशर दोनशेच्या वर होतं, खाली येईपर्यंत बसावं लागलं. ते खरं असणार. हा माणूस खोटं बोलत नाही.

मी म्हटलं, प्रेशर खाली आल्यावर?

‘जेवायला वाढलं होतं.’

मग स्वतःच पुढे बोलले.

‘वर्षा, त्यांची चार झाडं आहेत. मी कुठल्या तोंडाने सांगू, आत्ता येत नाही, त्यांना इकडे आणा? पगार येत होता तेव्हा सांगायचो. एकदा आमदाराच्या माणसालासुद्धा रांगेत बसवलं होतं मी. आठवतं?’

आठवतं. सगळ्या स्टाफने तो किस्सा महिनाभर चघळला होता.

मग त्यांनी विचारलं, तक्रार करणार का. मी म्हटलं, ठरवलं नाही. तेही खरं होतं.

१५ फेब्रुवारी

सुट्टी. वरोरला आईकडे गेले. सुकट निवडता निवडता तिने विचारलं, पगार वेळेवर होतो ना? हो म्हटलं.

माझाही सप्टेंबरपासून थकला आहे. रक्त तपासणाऱ्या बाईसाठी कुणी बैठक घेतली नाही. पुष्पाताई एकदा म्हणाल्या होत्या, तुमच्यासाठी एखादी करवंदाची जाळी बघू का! तेव्हा हसले होते. आज मनात आलं, बरं झालं कुणी काही दिलं नाही. नाहीतर कुणाचं सॅम्पल मी आधी लावलं असतं?

१६ फेब्रुवारी

तालुक्याला पाठवायची तक्रार लिहून काढली. एक पान. सगळं खरं.

पण वाचताना दिसतं, पुढे काय होईल ते. डॉक्टरांनी चिकू घेतले, याची चौकशी लगेच होईल. पगार का आला नाही, याची होणार नाही. डॉक्टर जातील. पलीकडच्या आरोग्य केंद्रात दोन वर्षं डॉक्टर नाही. तिथे फार्मासिस्ट गोळ्या देतो आणि बाकी सगळ्यांना ‘डहाणूला जा’ म्हणतो. सिकलसेलच्या बायकांना नावाने ओळखणारा डॉक्टर पुन्हा कधी येईल?

काशीनाथभाई स्वतः आले होते, आईचे रिपोर्ट न्यायला. सुकीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मान खाली घालून म्हणाले, ‘आम्ही वाईट तर नाही ना केलं, मॅडम? आम्ही धरून ठेवलं नसतं तर ते डिसेंबरलाच गेले असते. मग तिला कोण बघणार होतं?’

रिपोर्ट दिले. पुढच्या वेळी आईला इकडेच घेऊन या, एवढं म्हटलं. ते ‘हो हो’ म्हणाले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सुकीला हॉस्पिटलातून सोडलं. पुष्पाताई सांगत होत्या, घरी पोचली, जेवली, झोपली आहे. शुक्रवारी पुन्हा रक्त बघायचं आहे.

दुपारी तिची सासू जानी आली, एकटीच. डॉक्टरांकडे गेली नाही, सरळ लॅबच्या खिडकीशी. मला वाटलं, भांडायला आली. मी उठून उभी राहिले.

म्हणाली, ‘बाय, आमचा पण एक झाड लिहून घे.’

मला कळेना. तिने सांगितलं – चिकू नाही त्यांच्याकडे, घरामागे आंबा आहे, रायवळ, एकच. पण धरतो चांगला. तो डॉक्टरच्या नावे करायचा. मग सुकी आली की डॉक्टर तिला आधी बघतील. घरात बोलून आली होती, धाकल्यालाही पसंत होतं. हिरवा रंग केंद्रातून मिळतो की आपला आपण आणायचा, हेही विचारलं.

मी म्हटलं, झाड द्यायचं नसतं. हे सरकारी आहे. फुकट आहे.

ती रागावलेली नव्हती. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, ‘त्या मंगळवारी पण फुकटच व्हता, बाय.’

मग म्हणाली, शुक्रवारी येते, तोवर विचारून ठेव.

१८ फेब्रुवारी

तक्रार फाडली. डॉक्टरांच्या टेबलावर ही चिठ्ठी ठेवली:

‘डॉक्टर, सुकीची सासू जानी घरचं एकुलतं आंब्याचं झाड तुमच्या नावे करायला तयार आहे, म्हणजे तुम्ही सुकीला आधी तपासाल. ते झाड घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं नसेल तर बाकीच्या बावीस झाडांचं काय, हे मी तिला सांगू शकत नाही. ती शुक्रवारी, २० तारखेला येणार आहे. तोपर्यंत कृपया उत्तर द्यावं.’