हिकरीच्या केकचं खापर

ती. लविनाताईस,

ओर्फाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, डेटनची हवा मानवते का, सून धड बोलते का, ते कळव. आम्ही ठीक. (व्हर्लिनला सर्दी आहे, पण ती त्याला लग्नापासूनच आहे.)

तर ऐक. रविवारी चर्चचं जेवण, आणि हिकरीचा केक दरसाल आपल्याच घरचा. म्हणून शुक्रवारी दुपारी आईच्या हिकरीच्या झाडाखाली बसले, उलटी इस्त्री गुडघ्यांत धरून तिच्यावर ती अक्रोडासारखी फळं फोडत. ते झाड तुला माहीतच आहे. सगळ्या रानाची पालवी जुनी होते तेव्हा हे जागं होणार, सालीच्या लांब चिंध्या अंगावर लोंबतायत त्या लोंबतायतच, आणि कवच असं की हातोडी दमेल. केसातल्या आकड्याने कोरून वाटीभर गर निघायला संध्याकाळ होते. पण ताई, पानं पिवळी झाली होती. ऊन त्यांतून गाळून येत होतं, अंगण मधात बुडाल्यासारखं. वारा आला की साली हळू खरखरायच्या, जणू घरात कुणी म्हातारं माणूस सपाता ओढत फिरतंय. मला डोळा लागला. तुला दोन वेण्या होत्या, आई फळं फोडत होती, आणि आपण दोघी तिच्या हातातून गर पळवत होतो. आई रागावत नव्हती. (त्यावरूनच कळायला हवं होतं की हे स्वप्न आहे.)

जागी झाले तर वाटी रिकामी आणि मांडीवर खार, पोट भरून बसलेली. आता पुन्हा कोण फोडत बसणार? ओढ्याकाठच्या दुसऱ्या जातीच्या हिकरीखाली सडा पडला होता. तिचं कवच पातळ, पटकन फुटतं. गर कडू असतो ते ठाऊक होतं, पण म्हटलं, एवढ्या साखरेत काय कळतंय.

कळलं. पाद्री एस्टेप पहिला घास घेऊन असे गप्प झाले की लोकांना वाटलं प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. घरी येताना व्हर्लिन म्हणाला, "झाड म्हातारं होऊन कडू झालंय. घरातही तेच बघतोय मी. शनिवारी कापतो. कुऱ्हाडीचे दांडे होतील, उरेल त्याची मांसाला धुरी." मी म्हटलं, "काप. कचरा तरी कमी होईल." (मागे हटणं मला कधी जमलंय?) काल रात्रभर सालींची खरखर ऐकत पडले होते. उपटून दुसरीकडे लावावं तर तेही नाही, मूळ सरळ खाली गेलेलं, आपल्या जन्माच्या आधीपासून.

तुझी धाकटी,
ओर्फा

ता. क. आपल्या झाडाची गेल्या सालची फळं तुझ्याकडे असतील. त्यांचा केक करून शुक्रवारच्या बसने ये. तो खाल्ला की व्हर्लिन करवत खाली ठेवेल.

आणखी एक. आत्ताच व्हर्लिन पातळ कवचं हातात घेऊन आत आला, "ही कुठली?" मी सांगितलं, लविनाताईने डेटनहून पाठवली, तिचं मन मोडवेना म्हणून तीच केकात घातली. त्याने करवत खुंटीला लावली. तेव्हा केक राहू दे, पण तू ये, आणि आल्याबरोबर त्याची माफी माग. खाली मान घालून माग, लहानपणी तुला ते छान जमायचं. मग दोघी झाडाखाली बसू. फोडायचं तू. मी जरा डोळा लावीन.