दोन पानांत तयार होणारा मुलगा

आई,

मी हल्ली प्रेमाच्या कादंबऱ्या तपासतो. तू गेलीस त्याला एकवीस वर्षं झाली, त्यामुळे हे तुला माहीत असायचं काही कारण नाही. लिहीत नाही, तपासतो. शुद्धलेखन बघायला वेगळी माणसं असतात. मी बघतो ते हे, की तिसऱ्या प्रकरणात नायिकेचे डोळे करडे असतील तर सतराव्यातही ते करडेच आहेत ना. सोमवारी बंद असणाऱ्या हॉटेलात नायक सोमवारीच अंगठी घेऊन बसलेला नाही ना. एकदा तर एका बाईंचं बाळंतपण तेरा महिन्यांनी झालं होतं, ते माझ्याच लक्षात आलं, लेखिकेच्या नाही. प्रत्येक पुस्तकाचं मी एक कोष्टक करतो. कोणाचं वय किती, कुत्र्याचं किती, घरापासून तळं चालत किती मिनिटांवर. हे मला कुणी शिकवलं नाही. कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडलं हे तुला माहीत आहे, आणि आज एम.ए. झालेल्या बायका मला विचारतात की जुलैत लायलॅक फुलतो का हो. नाही फुलत.

या कादंबऱ्या सगळ्या छोट्या गावांतल्या असतात. एक मोठा रस्ता, त्यावर बेकरी, हार्डवेअरचं दुकान, चर्च. मन मोडलेली एक बाई शहरातून परत येते. तिथे तिला सुतार भेटतो, नाहीतर गुरांचा डॉक्टर, त्याचीही बायको वारलेली असते किंवा सोडून गेलेली. मग तीनशे पानांत दोघंही बरी होतात. हसू नकोस. मी इंग्रजी याच पुस्तकांवर शिकलो. बायकोच्या व्हिसावर इथे नेपरव्हिलला आलो तेव्हा मला काम करायची परवानगी नव्हती. ती सकाळच्या ट्रेननं शिकागोला जायची, आणि मी बर्फातून चालत लायब्ररीत. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी पहिलं पुस्तक हातात ठेवलं ते असलंच, का तर भाषा सोपी. मी ते डिक्शनरी घेऊन वाचलं आणि एकशे बाराव्या पानावर मला त्यात चूक सापडली. किती आनंद झाला होता म्हणून सांगू. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुला चुकाच कशा रे दिसतात. पुढे ती गेली. वारली नाही, वेगळी झाली. आठ वर्षं झाली त्याला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळं शांतपणे झालं.

आता हे सगळं तुला का सांगतोय ते सांगतो. महिन्यापूर्वी एक हस्तलिखित आलं. नायिका चव्वेचाळीस वर्षांची विधवा, बंद पडलेलं पुस्तकांचं दुकान पुन्हा उघडते. जवळच राहणारा एक होड्या दुरुस्त करणारा माणूस रोज काहीतरी निमित्त काढून येतो. तिचा वीस वर्षांचा मुलगा आहे, त्याला हे आवडत नाही. दोनशे चाळिसाव्या पानावर तो आईवर रागावून निघून जातो आणि दोनशे बेचाळिसाव्या पानावर परत येऊन त्या माणसाशी हात मिळवतो. मी समासात लिहिलं की हे पटत नाही, मुलगा दोन पानांत तयार होणार नाही. लेखिका ओहायोतल्या आहेत, वयानं मोठ्या, गोड बोलतात. त्यांनी फोन केला. माझं म्हणणं सगळं ऐकून घेतलं आणि मग इतकंच विचारलं, "बरं, मग तुमच्या मते किती पानं लागतील?"

मी म्हटलं, बघून सांगतो. तीनशे पानांच्या पुस्तकात किती पानं लागतील. मला उत्तर येत नव्हतं असं कधी झालं नाही आई, पण ते येत नव्हतं. कारण मी हिशेब पानांचा करत नव्हतो. मी तुझा आणि माझा करत होतो.

तेव्हाचा एखादा मंगळवार घे. तुझी टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्यूटी दोनला संपलेली आहे. चार वाजता वाचनालयवाले काका सायकलवरून येतात, हँडलला दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या. घरपोच पुस्तकं देणारे आपल्या गावात ते एकटेच. बाकीच्या घरी ते दारातच पुस्तक बदलून पुढे जातात. आपल्याकडे बाहेरच्या बाकावर बसतात. नवी कादंबरी आली की आधी तुला, मग गावाला. तू पुस्तक परत देताना ते कसं होतं ते सांगायचीस, ते मान हलवत ऐकायचे, मग तू चहा टाकायचीस. त्यांना साखर कमी लागायची म्हणून त्यांच्या कपात आधी ओतून मग उरलेल्यात आणखी साखर घालायचीस. अण्णांना जाऊन पाच वर्षं झाली होती. तू एक्केचाळीस वर्षांची होतीस. हे मी आज मोजलं. तेव्हा तू मला फक्त आई वाटायचीस, तुला वय असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

मी एकोणीस वर्षांचा, छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं वाचायचो. एके दिवशी छापखान्याचे मालक विड्याचं पान लावता लावता सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे, तुमच्याकडे मंगळवारी पुस्तकं उतरवायला फार वेळ लागतो म्हणे." छपाईचे खिळे जुळवणारे दोघं खाली बघून हसले. त्या शनिवारी मी वाचनालयात गेलो. तुझ्या उशाशी होतं ते पुस्तक उचलून नेलं आणि टेबलावर ठेवलं. म्हटलं, आमचं नाव काढून टाका. काकांनी विचारलं, त्यांनी सांगितलंय का? मी म्हटलं, घरात कर्ता पुरुष मी आहे. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, तू घडी घातलेला बसच्या तिकिटाचा तुकडा कुठवर आलाय ते बघितलं.

"एवढं तरी पूर्ण होऊ दे त्यांचं," ते म्हणाले. "शेवट राहिलाय."

मी पुस्तक तिथेच ठेवून आलो.

या कादंबऱ्यांमध्ये, आई, सगळं गाव मिळून त्या दोघांना एकत्र आणतं. बेकरीवाली मुद्दाम केक चुकीच्या पत्त्यावर पाठवते. पोस्टमन मुद्दाम एकाचं पत्र दुसऱ्याला नेऊन द्यायला लावतो. सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणूनच ते होतं. आपलंही गाव एवढंच होतं. एकच मोठा रस्ता. आपल्याकडेही सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी पस्तीस-चाळीस तरी अशी गावं तपासली असतील, आणि प्रत्येक वेळी कोष्टकात दुकानं भरताना माझा हात एकदा थांबतो.

पुढच्या मंगळवारी तू चारला आधण ठेवलंस. दोन कप काढलेस. पुस्तक दिसेना तेव्हाही मला काही विचारलं नव्हतंस, कुठेतरी ठेवलं असेल म्हणालीस. सव्वाचारला मी आतूनच सांगितलं की काका आता येणार नाहीत. कोणी सांगितलं, असं तू विचारलंस. मी म्हटलं, मी. तू गॅस बंद केलास. चहा गाळलास, शांतपणे, थेंबही न सांडता. मग एक कप माझ्यासमोर आणून ठेवलास आणि म्हणालीस, "घे. साखर कमी आहे, तुला आवडायचा नाही." बस एवढंच. त्यानंतर तेरा वर्षं तू जगलीस आणि तो विषय तुझ्या तोंडून कधी निघाला नाही. मी तो चहा प्यायलो. खरंच आवडला नाही.

आता इकडचं. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एक बाई भेटल्या. मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतात, यजमान जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाल्या, "काहून हो, या सगळ्या बायका बेकरीच काढतात? एखादी झुणका-भाकर केंद्र काढेल तर काय बिघडेल?" मी त्यांना सांगितलं की तसं पुस्तक आलं तर पहिल्यांदा तुम्हाला देईन. त्यावर त्या म्हणाल्या, आधी तव्याचं माप तपासून घ्या, नाहीतर भाकरी जाईल बाहेर. मग दर बुधवारी नदीकाठच्या पायवाटेवर फिरायला जायला लागलो. दीड वर्ष झालं. मी तपासलेली पुस्तकं त्या वाचतात आणि मी कुठे कुठे खुणा केल्या असतील ते ओळखतात. दहातल्या सात बरोबर येतात. आम्ही एकमेकांना काही बोललेलो नाही. बोलायची गरज आहे असं मला वाटत नव्हतं.

त्यांचा मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत असतो, पंचवीस वर्षांचा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तो आला. बुधवारी फिरताना त्या म्हणाल्या, "शनिवारी जेवायला या. पोराला सांगितलं आहे मी."

"काय सांगितलंत?"

"जे आहे ते."

पंचवीस वर्षांच्या त्या मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल हे मला कुणी सांगायला नको होतं. तो मान खाली घालून जेवेल, मी उठलो की दार जरा जास्त जोरात लावेल. सोमवारी परत गेल्यावर फोनवर आईशी दोन वाक्यं बोलेल. हे सगळं मी पाठ म्हणून दाखवू शकलो असतो. आणि गुरुवारी दुपारी त्याचाच फोन आला.

"काका, तुम्हाला तिखट चालतं ना? मी कुक करतोय, आई नाही. ती दोन दिवस नुसती क्लीनिंग करतेय यार. सॉरी, यार नाही, काका." आणि मग अमेरिकेत वाढलेल्या मुलाच्या तोलून मापून बोललेल्या मराठीत म्हणाला, "तुम्ही या. मला छान वाटेल."

फोन एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. मी लेखिकेला मेल लिहिली की माझी ती हरकत काढून टाका, मुलगा तयार होतो. दोन पानंही लागत नाहीत कधीकधी. त्यांनी उलट लिहिलं की त्यांना हे ऐकून बरं वाटलं. मी कोष्टक बंद केलं. आणि काल, शुक्रवारी सकाळी, मी बाईंना मेसेज केला की मला ताप आहे, उद्या जमणार नाही. आराम करा, डबा पाठवते, असं त्यांचं उत्तर आलं. मी नको लिहिलं. त्यांनी अंगठा पाठवला, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही.

तुला वाटेल मी घाबरलो. तसं नाही. म्हणजे तसं आहे, पण वेगळ्या तऱ्हेनं. छापखान्यातल्या त्या बोलण्यामुळे मी वाचनालयात गेलो असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. बायकोलाही एकदा तसंच सांगितलं होतं. लोकांनी नावं ठेवली, मी लहान होतो, काळच तसा होता. पण मालक ते बोलले गुरुवारी, आणि मी ठरवलं होतं त्याच्या दोन दिवस आधी. त्या मंगळवारी मशीन बिघडलं म्हणून लवकर सुटलो होतो. गल्लीच्या तोंडाशीच तुझं हसणं ऐकू आलं. काका काहीतरी सांगत होते, आणि तू हसत होतीस, मोठ्यानं, मध्येच श्वास घेऊन पुन्हा. मी कोपऱ्यावर थांबलो. अण्णा असतानाही तू अशी हसली नव्हतीस. माझ्या कुठल्याच गोष्टीला तर नाहीच. तू मला बघितलंस तर थांबशील असं मला वाटलं, आणि तू थांबावंस असंही वाटलं. हे तुला सांगायचं होतं. लोकांचं काही नव्हतं त्यात.

परवा फोनवर मुलाच्या मागून बाईंचा आवाज येत होता. तो काहीतरी म्हणाला, त्या हसल्या, मग दोघं हसली. आणि माझ्या मनात आलं की शनिवारी मी दारात उभा राहिलो की हे थांबेल. असं होईलच असं नाही, हे मला कळतं. पण पायच वळले नाहीत.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. तुझ्या नावानं कुठे टाकायचं म्हटलं तर जागा नाही, आणि असती तरी मी ते आधी चार वेळा तपासलं असतं आणि मग फाडलं असतं. मध्येच, दीडला, बेल वाजली. खिडकीतून बघितलं तर तो मुलगा, टोपीवर बर्फ, हातात पिशवी. मी दार उघडू शकत होतो. पण सकाळी उठून मी अंघोळ केली होती, दाढी केली होती, इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता, का कुणास ठाऊक. ताप आलेला माणूस असा दिसत नाही. असली चूक मी कुणाच्याही पुस्तकात चालू देत नाही. म्हणून मी दाराच्या आत, हात कडीवर ठेवून, उभा राहिलो. त्यानं दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही. दाराजवळ वाकून म्हणाला, "काका, इथे ठेवतोय. गरम आहे अजून." मग त्याच्या बुटांचा बर्फातला आवाज, गाडीचं दार.

आता सव्वादोन झालेत. डबा बाहेरच आहे. आई, मला भूक लागली आहे.